मामाजींनी चढवलेला भाव

धम्मरत्न मुनेश्वर याला भाव करता येत नाही, ही गोष्ट यवतमाळच्या अर्ध्या भाजीबाजाराला ठाऊक होती. कोथिंबिरीची जुडी वीस रुपये सांगितली की तो वीस रुपये काढून द्यायचा आणि वर बाईचे आभार मानायचा. मानीबाई नावाच्या एका भाजीवालीला तर त्याची इतकी कीव यायची, की ती स्वतःच भाव पाडायची. "पंधरा द्या साहेब. तुमच्या तोंडाकडे पाह्यलं का मले वीस घेववतच नाही," असं म्हणून पाच रुपये परत करायची. ते परत घेतानाही तो दोनदा "असू द्या, असू द्या" म्हणायचा. त्याचं चुकत होतं असंही नाही. तो एका कॉलेजात ग्रंथपाल होता, आणि पुस्तकाची किंमत पुस्तकावरच छापलेली असते. पंचवीस वर्षं छापील किमतींच्या सहवासात काढलेल्या माणसाला वांग्यावर किंमत का छापत नाहीत, हा प्रश्न पडणारच.

अशा माणसाने जुनी गाडी घ्यायला निघावं, याला काय म्हणायचं ते वाचकांनी ठरवावं. पण त्याच्यावर वेळच तशी आली होती.

त्याची बायको शीला कंत्राटी परिचारिका होती. इतकी वर्षं घरापासून चालत जाण्याच्या अंतरावर असलेली तिची नोकरी एका सकाळी आदेश येऊन घाटंजीकडच्या एका आरोग्य उपकेंद्रावर गेली. आधी एसटी, मग फाट्यावर उभं राहणं, मग जीप. ती जीप भरल्याशिवाय सुटत नाही, आणि भरली असं तिच्या ड्रायव्हरला कधी वाटतच नाही. ड्रायव्हरच्या दाराबाहेर एक पाय काढून बसलेला माणूस आत आला, की त्याच्या जागी आणखी एक बसवतात. शीला संध्याकाळी घरी यायची ती कंबर धरूनच. महिनाभर तिने हे काढलं आणि एक दिवस जेवताना सहज सांगितलं, "तिथं एक खोली पाह्यली म्या. अंगणवाडीवाल्या बाईच्या घरची. सोमवारी जाईन अन् शनिवारी येत जाईन."

धम्मरत्नने उचललेला घास परत ताटात ठेवला. पोरगी वैष्णवी शिकायला अमरावतीच्या होस्टेलवर होती. म्हणजे आता घरात तो, पंखा आणि वर्तमानपत्र. शीलाशिवाय हे घर त्याला एक रात्रही नको होतं, हे अगदी खरं. 'जाऊ नको, मला करमणार नाही' एवढंच वाक्य त्याने म्हणायला हवं होतं. पण आपल्याकडे पन्नाशीच्या आसपासचा नवरा असलं वाक्य बायकोला बोलून दाखवत नाही. तो पाणी प्याला आणि म्हणाला, "आपण गाडी घेऊ."

शीलाला गाडी चालवता येत होती. वैष्णवी लहान असताना तिने हौसेने क्लास लावला होता आणि लायसनही काढलं होतं. हिशोब तिनेच मांडला, आणि तो सोपा होता. पतसंस्थेत होते ते सगळे मिळून साडेतीन लाख. दोघांचा पगार वैष्णवीच्या क्लासात आणि घरखर्चात विरघळत होता, त्यातून पेट्रोल निघण्यासारखं नव्हतं. रोज जाऊन यायचं तर महिन्याला दहा हजारांचं पेट्रोल. सहा महिन्यांनी बदलीचा अर्ज करता येणार होता. "म्हणून गाडी जितकी स्वस्तात आणसान," शीला म्हणाली, "तितके महिने मी घरी राहीन. दहा हजार सुटले का एक महिना."

असा भाव जगात कोणाला लावून मिळाला नसेल. धम्मरत्नच्या डोळ्यांपुढे तेव्हापासून नोटा येईनाशा झाल्या, नुसते महिनेच यायला लागले.

गाडी घ्यायची म्हटल्यावर कॉलनीला कळायला किती वेळ लागतो? वरच्या मजल्यावरच्या विक्कीने मोबाइलवर जुन्या गाडीची परीक्षा कशी करावी याचे इतके व्हिडिओ पाठवले, की ते पाहून झाले असते तोवर गाडी आणखी जुनी झाली असती. एकाने सांगितलं, डिझेल घ्या. दुसऱ्याने सांगितलं, डिझेल घेतली तर माझ्या दारात लावू नका. ज्यांच्याकडे गाडी होती ते म्हणत, घेऊ नका, कटकट असते. ज्यांच्याकडे नव्हती ते कोणती कंपनी चांगली ते सांगत. शेजारच्या जमनीबाई राठोड तेवढ्या कामाचं बोलल्या. "भाऊ, तुम्ही एकटे जाऊ नका. तुम्हाले तं कोणी दुकानाची खुर्चीबी विकीन. आमच्या ह्यांले घेऊन जा."

'आमचे हे' म्हणजे हरिसिंग राठोड, एसटीचे निवृत्त ड्रायव्हर. त्यांचे पणजोबा बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर फिरायचे, आणि घेण्यादेण्याची ती जुनी वाकबगारी हरिसिंगांच्या जिभेत पुरेपूर उतरली होती. दुकानदाराने सांगितलेला भाव ऐकून ते असा चेहरा करायचे, की दुकानदारालाच आपण काही पाप बोललो असं वाटावं. त्यांनी धम्मरत्नला ओसरीवर बसवून शिकवणी दिली. "सर, गाडी आवडली तरी तिच्याकडे पाहायचं नाही. भाव पक्का होईपर्यंत चहा घ्यायचा नाही, चहा पोटात गेला का जीभ नरम पडते. अन् सगळ्यात मोठी गोष्ट, तुमचं गाव कोन्तं, सोयरे कोठचे, हे चुकूनबी बोलायचं नाही. वळख निघाली का सौदा मेला समजा. बाकी बोलाचं काम माह्यावर सोडा."

धम्मरत्नने सगळं मनावर घेतलं. ठरलेल्या रविवारी सकाळी दोघे निघणार, तोच फाटकाशी एक छत्री आणि एक पिशवी दिसली, आणि त्यांच्यामागे मामाजी दिसले.

मामाजी म्हणजे शीलाचे वडील, पंजाबराव. कळंबला राहणारे, शाळामास्तर होते, आता निवृत्त. पण निवृत्तीनंतर त्यांची खरी नोकरी सुरू झाली होती. जिल्ह्यातल्या समाजाच्या निम्म्या सोयरिकी त्यांनी जुळवलेल्या. कोण कोणाच्या घरी दिलेली, कोणाची आई कोणत्या गावची, हे सगळं त्यांच्या तोंडावर. अनोळखी माणसाशेजारी ते पाच मिनिटं बसले की त्याचं गाव निघायचं, दहा मिनिटांत नातं निघायचं. शिवाय ते हुंड्याच्या कडक विरोधात. शीलाचं लग्न बुद्धविहारात, वंदना घेऊन, एक रुपयाची देवघेव न करता झालं होतं. तेव्हापासून मामाजी ज्या ज्या लग्नात भाषण करत त्या त्या लग्नात म्हणत, "हुंडा न घेणारा जावई कसा असते? हे पाहा!" आणि धम्मरत्नला मांडवात उभं राहावं लागे. अठरा वर्षं तो असा उभा राहत आला होता. खरं सांगायचं तर त्याला ते आवडायचंही. आयुष्यात माणूस दुसऱ्या कशासाठी उभा केला जातो?

शीलाने वडिलांना पाहिलं आणि नवऱ्याला आत ओढून कुजबुजली, "बाबाईले नेऊ नका हो. ते तिथं पत्रिका जुळवत बसतीन." पण मामाजींनी चपला काढल्याच नव्हत्या. "एवढी मोठी वस्तू घेऊन राह्यले अन् घरचं मोठं माणूस संगं नाही? लोक काय म्हणतीन? मी काही बोलत नाही. नुसता बसतो," ते म्हणाले. आता सासऱ्याला 'तुम्ही येऊ नका' असं म्हणणारा जावई अजून जन्माला यायचा आहे. हरिसिंगांनी मामाजींकडून वाटेत पुन्हा एकदा वचन घेतलं. मामाजींनी ते दिलं, आणि त्यांच्या मनात काही वाईट होतं असं कोणीही म्हणणार नाही.

दारव्हा रोडवर 'नयन मोटर्स' नावाचं जुन्या गाड्यांचं दुकान होतं. समोर पत्र्याच्या मांडवाखाली धुऊनपुसून चकचकीत केलेल्या गाड्या, मागे मालकाचं राहतं घर. मालक इंद्रजित, चाळिशीचा, चष्मा कपाळावर चढवलेला, दोन्ही कानांना दोन फोन. त्याने काचेवर भाव लिहिलेली एक पांढरी गाडी दाखवली. छोटी, नीटनेटकी. धम्मरत्नला ती पाहताक्षणी आवडली. शीला तिच्यात बसली आहे आणि संध्याकाळी उजेड असतानाच फाटकाशी हॉर्न वाजवते आहे, इथपर्यंत त्याचं मन पोचलंसुद्धा. मग शिकवणी आठवून त्याने घाईघाईने मान फिरवली आणि पलीकडच्या कडुनिंबाकडे एकटक पाहू लागला.

"तीन चाळीस," इंद्रजित म्हणाला. "लास्ट."

गाडीभोवती हरिसिंगांनी सावकाश एक फेरी मारली. टायरला पायाने ढोसलं. बॉनेट उघडलं, आत पाहिलं आणि एखाद्याच्या घरी दुःखाला गेल्यावर बंद करावं तसं हळूच बंद केलं.

"मालक, चांगली कोन्ती हाय?" त्यांनी विचारलं.

"काका, हीच तं चांगली आहे!"

"ही? हिचं क्लच मरून राह्यलं. नंबर चंद्रपूरचा. म्हणजे तिकडच्या आरटीओचा कागद येईपर्यंत चकरा. एक चक्कर म्हणजे एक दिवसाची सुट्टी, जाण्यायेण्याचं भाडं अन् वरून जेवण. दोन चाळीस घ्या अन् मोकळे व्हा."

"काका, दोन चाळीसमधी तं मी तुमाले हिचा फोटो देईन."

असं ते सुरू झालं. पुढचा अर्धा तास धम्मरत्नने जे पाहिलं ते कोणत्याच पुस्तकात नव्हतं. हरिसिंग तीनदा उठून रस्त्यापर्यंत गेले आणि तीनदा इंद्रजितने त्यांना बोलावून आणलं. एकदा तर ते रिक्षात बसलेसुद्धा. इंद्रजितने आपल्या लेकराबाळांची शपथ घेतली, हरिसिंगांनी आपल्या पेन्शनची. तीन वीसवर धम्मरत्नला तीन महिने मिळाले. तीन लाखांवर पाच. मामाजी खुर्चीत ओठ मिटून बसले होते आणि भिंतीवरच्या बाबासाहेबांच्या फोटोकडे पाहत होते. त्या फोटोमुळेच त्यांची अवस्था बिकट झाली होती. मालक आपल्यापैकीच आहे हे दिसतंय, आणि विचारायची सोय नाही! त्यांनी दोनदा तोंड उघडलं आणि दोनदा मिटलं, कारण वचन म्हणजे वचन.

"दोन पंच्याऐंशी," शेवटी इंद्रजित म्हणाला आणि टेबलावर डोकं टेकलं. "काका, तुम्ही मले रडवलं. पण आता एक रुपया नाही."

हरिसिंगांनी धम्मरत्नकडे पाहून बारीकशी मान हलवली. साडेसहा महिने! धम्मरत्नला वाटलं, उठून हरिसिंगांच्या पाया पडावं. इंद्रजितने पावतीबुक काढलं, पेनाचं टोपण उघडलं, आतून चहा मागवला. चहा आला. हरिसिंगांनीही कप उचलला, कारण सौदा झाला होता.

आणि सौदा झाला म्हणूनच मामाजींनाही वाटलं, की आता आपण बोलायला मोकळे झालो.

"जय भीम," ते म्हणाले. "तुमचं मूळ गाव कोन्तं?"

हरिसिंगांनी टेबलाखालून त्यांच्या पायावर पाय दिला. तो धम्मरत्नचा निघाला.

"जय भीम, बाबा. पिंपळखुटा, दारव्ह्याकडचं."

"पिंपळखुट्याचे कोणाचे?"

"अर्जुनरावांचा."

"आई कळंबकडची काय?"

"हो नं. कांताबाई. तुमी वळखता?"

मामाजी उभे राहिले. त्यांचा चहा बशीत सांडला. "अरे बाप्पा, कांता माह्या चुलत्याची पोरगी! लग्न करून गेली अन् नंतर भेटच नाही. कोठी हाय ते?"

"इथंच हाय, मागं घरात!" असं म्हणून इंद्रजित उठला आणि जाताना त्याने पेनाचं टोपण लावलं. ते टोपण लागलेलं धम्मरत्नने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं. हरिसिंगांनी कप खाली ठेवला आणि आपल्या बोलीत हळूच आईला हाक मारली, "याडी!" संकटात माणूस कोणत्याही भाषेत आईलाच बोलावतो.

कांताबाई कणकेच्या हातांनीच धावत आल्या. बहीणभाऊ एकमेकांच्या गळ्यात पडून रडले. रडणं खरं होतं, आणि ते पाहून धम्मरत्नच्याही डोळ्यांत पाणी आलं, पण त्यातलं काही गाडीसाठी होतं. मग ओळखी झाल्या. "हे जावई? आपल्या शीलाचे?" म्हणून कांताबाई पुन्हा आत धावल्या आणि एक नवाकोरा टॉवेल आणून त्यांनी धम्मरत्नच्या खांद्यावर घातला. जावई पहिल्यांदा दारात आला, रिकामा कसा जाईल? इंद्रजित, जो मघापर्यंत मालक होता, तो आता साळा झाला आणि बहिणीच्या नवऱ्याला म्हणतात तसं 'भाटवे, भाटवे' करत वाकून भेटला. जुन्या गाड्यांच्या दुकानात, खांद्यावर किमतीची चिठ्ठी लोंबणारा टॉवेल घेऊन, धम्मरत्न पाहुण्यासारखा बसून राहिला.

"अन् याच्याकडून तू दोन पंच्याऐंशी घेऊन राह्यला?" कांताबाई पोरावर कडाडल्या. "घरच्या जावयाकडून? दोन पन्नास घे!"

देव आहे की नाही याबद्दल धम्मरत्नची मतं ठरलेली होती, तरी त्या क्षणी त्याने वर पाहिलं. दोन पन्नास! म्हणजे सहा महिने आणि वर आणखी चार. बदली रद्द झाली नाही तरी चालेल. त्याने हरिसिंगांकडे पाहिलं. हरिसिंगांचंही तोंड उघडं पडलं होतं. ओळख निघाली तर सौदा मरतो, हा त्यांचा जन्मभराचा सिद्धांत बाई मोडून टाकत होती.

"थांब कांता," मामाजी म्हणाले.

त्यांचा आवाज बदलला होता. हा आवाज धम्मरत्नने खूप मांडवांत ऐकला होता.

"जावयाले सासरच्याईनं गाडी अर्ध्या भावात द्यायची, याले काय म्हणते समाज? हुंडा म्हणते. म्या जन्मभर हुंड्याच्या विरोधात बोललो. माह्या जावयानं सायकलसुद्धा घेतली नाही. आता गाडी घेऊ?"

"दादा, हुंडा लग्नाच्या वक्ताले असते! लग्नाले आता अठरा वर्षं झाले!"

"मंग लोक थकबाकी म्हणतीन!"

हरिसिंग कळवळून म्हणाले, "मास्तर, मंग आमचा दोन पंच्याऐंशी तरी राहू द्या. तो सोयरीक निघाच्या आधीचा हाय."

मामाजींनी क्षणभर विचार केला. ते न्यायी माणूस होते, म्हणूनच तर सगळा घोटाळा. "नाही," ते म्हणाले. "तवा माहीत नव्हतं, आता माहीत झालं. माहीत झाल्यावर कमी देणं म्हणजे घेणंच झालं. काचेवर काय लिहिलं हाय? तीन चाळीस. तीन चाळीस देऊ."

"दोन चाळीस!" कांताबाईंना आता राग आला होता. "इतक्या वर्षांनी भेटला अन् माह्या हातचं नाकारतो?"

"तीन चाळीस!"

"दोन तीस! माह्या दुकानात माहा भाव चालते!"

"तीन पन्नास!" मामाजी गरजले.

यवतमाळ जिल्ह्यात आजवर अनेक बाजार भरले असतील. पण विकणारी खाली उतरते आहे आणि घेणारा वर चढतो आहे, असा बाजार हरिसिंगांनी पाहिला नव्हता. "मास्तर, आपण घेणारे हाव! घेणारे!" असं ते ओरडत होते, पण ऐकतो कोण? इंद्रजितचा चष्मा कपाळावरून नाकावर घसरला होता आणि तो एकदा आईकडे, एकदा मामाकडे पाहत होता. बाहेर दुसरं एक गिऱ्हाईक आलं होतं. दुकानात चाललेली बोली ऐकून ते आल्या पावली परत गेलं.

शेवटी कांताबाईंनी डोळे पुसले आणि धम्मरत्नकडे वळल्या. "जावईबापू, आमचं राहू द्या. गाडी तुमाले घ्यायची हाय. तुमीच सांगा, काय देता?"

सगळ्यांची तोंडं धम्मरत्नकडे वळली.

आता यात अवघड काय होतं? 'आत्या, दोन पंच्याऐंशी ठरले होते, तेवढेच घ्या', एवढं म्हणायचं होतं. हुंडाही झाला नसता आणि दानही नाही. धम्मरत्नला हे सगळं कळत होतं. जीपमध्ये तिरपी बसलेली शीला त्याला दिसत होती, संध्याकाळचं रिकामं घर दिसत होतं. पण त्याच वेळी मामाजी त्याच्याकडे पाहत होते, आणि ती नजर मांडवातली होती. 'हुंडा न घेणारा जावई कसा असते? हे पाहा!' अठरा वर्षं ज्याने एवढी एकच कमाई केली, त्याने ती साळ्याच्या दुकानात पंचावन्न हजारांना घालवावी? त्याने खांद्यावरचा टॉवेल सारखा केला. त्याला स्वतःचा आवाज दुरून ऐकू आला.

"मामाजी म्हणतात तेच बरोबर आहे."

तीन चाळीसला पावती झाली. तीन पन्नासवरून मामाजींना खाली आणायला इंद्रजितला बराच वेळ लागला, हे सांगायला हवं. चंद्रपूरच्या आरटीओच्या चकरा मात्र तशाच राहिल्या. त्यांच्यासाठी हरिसिंगांनी जे पैसे कमी करून घेतले होते ते गेले, चकरा धम्मरत्नकडे उरल्या. क्लचबद्दल बोलायची तर आता सोयच नव्हती. हरिसिंगांनी 'एकदा मेकॅनिकले दाखवू' म्हटलं तर मामाजींनी त्यांना गप्प केलं. घरच्या माणसाच्या वस्तूची तपासणी करतात काय? आपलेच दात आणि आपलेच ओठ. तक्रार कोणाकडे करणार?

हरिसिंगांनी गाडी घरी आणली. फाटकाशी उतरताना ते एवढंच म्हणाले, "सर, मी आज घरीच राह्यलो असतो तं बरं झालं असतं," आणि आपल्या घरात शिरून त्यांनी दार लावून घेतलं. एखाद्या पैलवानाला कुस्ती जिंकल्यावर पंचाने हरवावं तसं त्यांचं झालं होतं.

मामाजींनी शीलाला सगळं सांगितलं, आणि अभिमानाने सांगितलं. "पोरी, तुह्या नवऱ्यानं आज मान राखला! एका शब्दानं कमी मागितलं नाही!" सांगता सांगता त्यांचे डोळे भरून आले. मग ते कळंबच्या बसने निघून गेले. पुढच्या लग्नात सांगायला त्यांना आता नवीन गोष्ट मिळाली होती.

शीला गाडीभोवती एकदा फिरली. दार उघडून आत बसली, स्टिअरिंगवर हात ठेवला, आणि उतरली. रागावली नाही. रागावली असती तर धम्मरत्नला हलकं वाटलं असतं. ती स्वयंपाकघरात गेली आणि तूर निवडायला बसली. तो दाराशी उभा राहिला. खांद्यावर टॉवेल तसाच होता.

"दहा हजार उरले," ती म्हणाली.

"हो."

"म्हणजे एक महिना."

"हो. पगारातून काही निघाले तर…"

"निघून निघून किती निघतीन?" तिने खडे बाजूला सारले. खाली पाहतच म्हणाली, "असं करू. गाडी सोमवारी नेत जाईन, शुक्रवारी आणत जाईन. चार राती तिकडे खोलीवर राहीन. पेट्रोल पुरते तेवढ्यात."

चार राती. चार रात्री हे घर, पंखा आणि वर्तमानपत्र. धम्मरत्नला एकही रात्र नको होती, आणि त्याची चूक होती, आणि चूक करणाऱ्याने मागायचं काय तोंडाने?

"बरं," तो म्हणाला.

शीलाचा हात सुपात थांबला. मग तिने मान वर केली तेव्हा तिचे डोळे लाल होते.

"बरं? एवढंच? म्या चार म्हटलं ते तुम्ही नाही म्हणसान म्हणून म्हटलं होतं. तुम्ही एक म्हणसान, मी दोनवर येईन, म्हणून. पेट्रोलचे पैसे म्या केले असते कसे बी." तिचा आवाज फाटला. "गाडीसाठी दोन माणसं घेऊन गेलते तुम्ही. माह्यासाठी तोंडातून एक शब्द नाही निघाला."

धम्मरत्न तिच्यासमोर खाली बसला. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला कळलं, की भाव करणं म्हणजे दुसऱ्याला लुटणं नसतं. काही वेळा समोरच्याला तेच हवं असतं. आपल्यासाठी कोणी ताणून धरावं, एवढंच. त्याने ओठ ओले केले. सगळा जीव गोळा केला.

"दोन," तो म्हणाला.

शीलाने डोळे पुसले. तिच्या तोंडावर हसू येतं की काय असं झालं. ती थोडी पुढे सरकली.

"तीन," ती म्हणाली, आणि वाट पाहत थांबली.

धम्मरत्न म्हणाला, "बरं."